पोकेमॉन : सहा बलाढ्यांचा संघ का हरतो?

नागपूर : जामठ्याच्या मैदानावर २ मार्च २०२५ रोजी विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उंचावला. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील अवघ्या ३७ धावांच्या आघाडीने निकाल लावला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, तर यश राठोडने ९६० धावा काढल्या. राष्ट्रीय संघातील नामवंतांची रांग विदर्भाकडे नव्हती. पण प्रत्येक जागेवर त्या जागेचे काम जाणणारा खेळाडू होता. संघ म्हणजे गुणवंतांची बेरीज नव्हे, हे नागपूरकरांना त्यामुळे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नेमका हाच धडा शहरातील अनेक मुले सध्या एका निराळ्याच मैदानावर गिरवीत असतात. ते मैदान आहे पोकेमॉनचे. दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्रमालिकेमुळे ही चित्रविचित्र प्राण्यांची दुनिया भारतातील घराघरांत पोहोचली. १४ डिसेंबर २०१६ रोजी 'पोकेमॉन गो' हा भ्रमणध्वनीवरील खेळ रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे देशात आला. मात्र प्राणी पकडणे हा या खेळाचा केवळ पूर्वार्ध होय. त्यांचा संघ बांधून दुसऱ्याच्या संघाशी भिडविणे, हा खरा कस लावणारा उत्तरार्ध. नवखे खेळाडू हरतात ते बहुधा या टप्प्यावर, आणि तेही सर्वांत बलाढ्य सहा प्राणी हाताशी असताना.

किडे गोळा करणाऱ्या मुलाची कल्पना

जपानच्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्या छंदातून सुचलेला हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. तेव्हा प्राणी होते १५१ आणि त्यांचे प्रकार १५. आज प्राण्यांची संख्या हजारापलीकडे गेली असून प्रकार १८ झाले आहेत. या मालिकेतील व्हिडिओ गेमची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००९ पासून भरविली जाते.

बुद्धिबळाशी या खेळाची तुलना नेहमी केली जाते. ती बरीचशी योग्य असली, तरी एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा पटावर दोन्ही बाजूंना सारखीच सोळा मोहरी होती. पोकेमॉनमध्ये मोहरी निवडणे हाच डावाचा पहिला भाग असतो. साहजिकच निम्मी लढत मैदानात उतरण्यापूर्वीच झालेली असते.

नियम काय सांगतात?

अधिकृत व्हिडिओ गेम स्पर्धांत लढती जोडीने होतात, म्हणजे दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्राणी एकाच वेळी मैदानात असतात. खेळाडूने सहा प्राण्यांचा संघ नोंदवायचा असतो. मात्र प्रत्येक लढतीत त्यांतील चारच उतरविता येतात. एकाच जातीचे दोन प्राणी चालत नाहीत, तसेच दोघांना एकच वस्तू सोबत देता येत नाही. प्रत्येकाला चार डाव आणि एक अंगभूत गुण असतो.

२०२२ मध्ये आलेल्या 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' या आवृत्त्यांवरील स्पर्धांत चौघांच्या निवडीसाठी दीड मिनिट, तर प्रत्येक फेरीचा निर्णय घेण्यासाठी ४५ सेकंद मिळतात. एवढ्या अल्प वेळात नवा विचार करणे कठीण असते. विचार आधी झालेला असावा लागतो, आणि त्यालाच संघबांधणी म्हणतात.

या खेळाचा पाया म्हणजे प्रकारांचे परस्परसंबंध. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी आणि गवत पाण्याला भारी. अनुकूल प्रकाराचा मार दुप्पट लागतो. प्रतिस्पर्धी दोन प्रकारांचा असेल आणि दोन्ही दुबळे ठरत असतील, तर तो चौपट होतो. याउलट काही मार निम्मे लागतात, तर काही मुळीच लागत नाहीत. उदाहरणार्थ, जमिनीच्या प्रकारावर विजेचा आणि उडणाऱ्यांवर जमिनीचा मार निष्प्रभ ठरतो.

पाचिरिसूचा चमत्कार

संतुलित संघ म्हणजे काय, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१४ सालचे आहे. वॉशिंग्टन येथील जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क याने आपल्या संघात पाचिरिसू नावाची इवलीशी विजेची खार घेतली होती. गारचॉम्पसारख्या बलाढ्य प्राण्याच्या सहा मूळ क्षमतांची बेरीज ६०० भरते, तर पाचिरिसूची अवघी ४०५. आकड्यांकडे पाहून संघ निवडणाऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

परंतु पार्कने तिला मारण्यासाठी घेतलेच नव्हते. त्याच्या संघात गॅराडोस हा पाणी व उडाण प्रकारचा प्राणी होता. मूळ रूपात त्याला विजेचा मार चौपट लागतो. 'फॉलो मी' या डावाने पाचिरिसू प्रतिस्पर्ध्याचा मार स्वतःकडे ओढून घेई. तो मार विजेचा असला तर तिच्या अंगभूत गुणामुळे तिला इजा होण्याऐवजी तिची शक्ती भरून निघे. जोडीदाराचे मर्मस्थान हेच तिचे बलस्थान होते. पार्क त्या वर्षीचा जगज्जेता ठरला.

या विजयाचे मर्म अनेकांनी चुकीचे घेतले. दुबळ्या प्राण्यांनीही जिंकता येते, एवढाच बोध घेऊन कोणी संघ बांधला तर पराभव निश्चित. ज्या जागेसाठी जे काम हवे ते काम करणारा प्राणी निवडणे, हा त्यातील खरा बोध आहे.

संघ कसा आकाराला येतो?

अभ्यासासाठी एक संघ उभारून पाहता येईल. सुरुवात गारचॉम्पपासून करू. ड्रॅगन व जमीन या प्रकारांचा हा वेगवान प्रहारकर्ता आहे. त्याला बर्फाचा मार चौपट, तर ड्रॅगन आणि परी या प्रकारांचा मार दुप्पट लागतो. पोलाद हा प्रकार या तिन्हींना तोंड देतो. तेव्हा पोलादी मेटाग्रॉस हा जोडीदार कागदावर उत्तम दिसतो.

मैदानात मात्र घोटाळा होतो. गारचॉम्पचा 'अर्थक्वेक' हा भूकंपाचा डाव शेजारी उभ्या जोडीदारालाही लागतो आणि पोलाद जमिनीपुढे दुबळे आहे. म्हणजे आपलाच गडी आपल्याच गड्याला लोळवतो. जोडीच्या लढतीत संघ बांधताना शत्रूइतकेच मित्राकडेही लक्ष द्यावे लागते, ते असे.

त्याऐवजी पोलाद व उडाण प्रकारचा कॉर्विनाइट घेतला तर? तो हवेत असल्याने भूकंप त्याला लागत नाही. ड्रॅगन आणि परी यांचा मार तो निम्म्यावर आणतो. कॉर्विनाइटला आग आणि वीज यांचे भय असते. परंतु गारचॉम्पला वीज लागत नाही आणि आगीचा मार निम्माच लागतो. दोघे एकमेकांची पाठ राखतात. यात एक तडजोड आहे. मेटाग्रॉस बर्फाचा मार निम्म्यावर आणत होता, तर कॉर्विनाइटला तो पूर्ण लागतो. संतुलन म्हणजे सर्व भोके बुजविणे नव्हे, कोणते भोक उघडे राहिले आहे हे ठाऊक असणे होय.

ते भोक तिसऱ्या प्राण्याने झाकायचे. आग व अंधार प्रकारच्या इन्सिनरोरला बर्फाचे भय नाही. तो मैदानात येताच समोरच्या दोघांचे शारीरिक आक्रमण एक तृतीयांशाने घटते. शिवाय 'फेक आउट' या डावाने पहिल्या फेरीत एका प्रतिस्पर्ध्याची चाल वाया घालविता येते. मात्र भूकंप त्यालाही दुप्पट लागतो, म्हणून त्याला गारचॉम्पशेजारी उभे करताना सावध राहावे लागते.

इन्सिनरोरला पाण्याचे भय असल्याने चौथी जागा गवताची. येथे रिलाबूमचे नाव चटकन सुचते. परंतु तो येताच मैदानावर गवत पसरते आणि त्या गवतावर भूकंपाची ताकद निम्मी होते. आपल्याच मुख्य प्रहारकर्त्याचे हात बांधले जातात. त्यापेक्षा अमूंगस ही छत्री सोयीची. 'रेज पावडर'ने ती मार स्वतःवर ओढून घेते, तर 'स्पोर'ने शत्रूला झोपविते.

पाचवी मिलोटिक. प्रतिस्पर्ध्याने तिची कोणतीही क्षमता घटविली की तिचे विशेष आक्रमण दुप्पट होते. त्यामुळे समोर इन्सिनरोर असला तर त्याला मैदानात आणताना विचार करावा लागतो. सहावी सिल्व्हिऑन, जिचा परी प्रकारचा आवाज समोरच्या दोघांनाही एकदम लागतो आणि ड्रॅगनांना विशेष जाचतो. दोन शारीरिक प्रहारकर्ते, दोन विशेष प्रहारकर्ते आणि दोन साहाय्यक असा हा संघ झाला.

वेग : अदृश्य सातवा गडी

प्रकारांचे गणित जमले, तरी पहिला वार कोणाचा हा प्रश्न उरतोच. मूळ वेगात गारचॉम्प १०२ वर, तर अमूंगस अवघ्या ३० वर आहे. कॉर्विनाइटच्या 'टेलविंड' या डावाने चार फेऱ्या आपल्या बाजूचा वेग दुप्पट होतो. याउलट 'ट्रिक रूम' हा डाव पाच फेऱ्यांपुरता क्रमच उलटा करतो आणि सर्वांत मंद प्राणी आधी खेळतो. सहाही प्राणी वेगवान असलेला संघ अशा वेळी अक्षरशः गारद होतो. अमूंगससारखी मंद छत्री संघात असण्याचे मोल तेव्हा कळते. म्हणून वेगवानांबरोबर एक-दोन मंद गडी मुद्दाम ठेवण्याची पद्धत आहे.

प्राण्यांची तालीमही याच हिशेबाने व्हावी लागते. 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट'मध्ये प्रत्येक प्राण्याला सरावाचे ५१० गुण देता येतात आणि एका क्षमतेत जास्तीत जास्त २५२ घालता येतात. नवखे खेळाडू ते डोळे मिटून आक्रमणात आणि वेगात ओततात. जाणकार खेळाडू आधी ठरवितो की अमुक प्राण्याचा अमुक मार झेलून आपला गडी उभा राहिला पाहिजे. तेवढेच गुण तो बचावात घालतो आणि उरलेले इतरत्र वळवितो.

निवड सहांची, लढत चौघांची

सहा जणांचा संघ बांधून काम संपत नाही. प्रत्येक लढतीत दोघांना बाहेर बसवायचे असते. म्हणून अनुभवी खेळाडू सहांतून दोन-तीन वेगवेगळ्या चौकड्या आधीच आखून ठेवतात. पावसाच्या बळावर खेळणाऱ्या संघापुढे एक चौकडी, तर क्रम उलटा करणाऱ्यांपुढे दुसरी. एखादा प्राणी कोणत्याच चौकडीत बसत नसेल, तर तो कितीही आवडता असला तरी संघात त्याची जागा नाही. पोरांना सर्वांत जड जाणारा निर्णय हाच असतो.

भ्रमणध्वनीवरील 'पोकेमॉन गो'मध्येही तत्त्व तेच आहे. फक्त मैदान आटोपशीर आहे. तेथे एकावेळी एकच प्राणी लढतो, तिघांचा चमू असतो आणि बचावासाठी दोन ढाली मिळतात. अजिंक्यपद स्पर्धांत सहा नोंदवून तीन निवडायचे असतात. पहिला आघाडी घेणारा, दुसरा संकटात निर्धास्तपणे आत आणता येईल असा, तर तिसरा शेवट करणारा, अशी कामाची वाटणी केली जाते. तिघेही एकाच प्रकारापुढे दुबळे असतील, तर उपांत्य क्षणी केलेली कोणतीही चलाखी कामी येत नाही.

पालकांसाठी

हा खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे अनेक घरांत मानले जाते. त्यातील चिंता अगदीच निराधार नाही. मात्र पैसे लावून खेळण्याचे खेळ आणि कौशल्याची स्पर्धा यांत फरक करावा लागेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचा विषय युवक व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली, तर पैशांच्या खेळांवर बंदी घातली. पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धांत वयानुसार तीन गट असतात, त्यामुळे लहानांना प्रौढांशी झुंजावे लागत नाही.

खर्चाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. सरावासाठी महागडे यंत्र घेतलेच पाहिजे असे नाही. 'पोकेमॉन शोडाउन' या विनामूल्य साधनावर संगणकातूनच संघ बांधून पाहता येतो. संघ दहा-वीस लढतींत तावून सुलाखून निघाल्यावर मगच पैशांचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल.

संघ नोंदविण्यापूर्वी

- प्रत्येक प्राण्याचे काम एका वाक्यात सांगता येते का?
- तीन किंवा अधिक प्राणी एकाच प्रकारापुढे दुबळे नाहीत ना?
- शारीरिक आणि विशेष, दोन्ही आक्रमणे आहेत का?
- वेग वाढविण्याची आणि प्रतिस्पर्ध्याने क्रम उलटविल्यास टिकून राहण्याची सोय आहे का?
- आपल्या एखाद्या डावाने आपलाच जोडीदार जायबंदी होत नाही ना?
- किमान दोन वेगवेगळ्या चौकड्या तयार आहेत का?

या प्रश्नांची उत्तरे देताना मूल प्रमाण, शक्यता आणि तडजोड यांचाच अभ्यास करीत असते. हरल्यावर नशिबाला बोल न लावता कोणती जागा कच्ची राहिली हे शोधण्याची सवय त्याला लागली, तर करंडक घरी येवो वा न येवो, खेळ सार्थकी लागला असे म्हणता येईल.