हे-ऑन-वाय

वेल्समधील पाऊइस परगण्यातले, इंग्लंडच्या सीमेला लागून असलेले बाजारपेठेचे छोटे गाव. लोकसंख्या सुमारे १,६००. वाय नदीच्या काठी, ब्लॅक मौंटन्स डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी ते वसले आहे. डलस ओढा ओलांडला की इंग्लंडचा हेरफर्डशर परगणा लागतो. जुन्या पुस्तकांच्या व्यापारामुळे ‘पुस्तकांचे गाव’ अशी त्याची जगभर ख्याती आहे.

इतिहास : सीमाभागावर पकड ठेवण्यासाठी नॉर्मन सरदारांनी येथे ठाणे वसवले. ब्रेओस घराण्याने इ. स. १२००च्या सुमारास दगडी किल्ला बांधला. सीमेवरच्या या जागेची किंमत गावाला दोन्ही बाजूंनी मोजावी लागली : १२१६ मध्ये इंग्लंडचा राजा जॉन याने ते जाळले, तर १२३१ मध्ये वेल्श राजा लेवेलिन याने लुटले. पुढे किल्ल्याची डागडुजी झाली आणि गावाभोवती तट उभा राहिला.

अर्थव्यवस्था : डोंगरउतारावरील मेंढपाळी आणि नदीखोऱ्यातील शेती यांच्या मालाची देवघेव हा गावाचा मूळ आधार. गुरुवारचा आठवडी बाजार आजही भरतो. लोणीबाजाराची (१८३३) आणि चीजबाजाराची (१८३५) इमारत त्या भरभराटीची साक्ष देतात. १८१६ मध्ये ब्रेकनपासून येथवर घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचा लोहमार्ग आला, त्यामुळे कोळसा व चुना स्वस्तात मिळू लागला. १८६० च्या दशकात वाफेची रेल्वे आली. १९६२ अखेर तिची प्रवासी वाहतूक बंद झाली.

याच सुमारास रिचर्ड बूथ यांनी जुन्या अग्निशमन केंद्रात पुस्तकांचे दुकान थाटले. बंद पडलेल्या अमेरिकी ग्रंथालयांतील पुस्तके त्यांनी मोठ्या प्रमाणावर आणली. पाठोपाठ इतरांचीही दुकाने निघाली. १ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी गाव ‘स्वतंत्र राज्य’ व स्वतः त्याचे राजे असल्याची घोषणा केली आणि गावाला मोठी प्रसिद्धी मिळाली. १९८८ पासून भरणाऱ्या साहित्य महोत्सवामुळे निवासव्यवस्था, खानावळी आणि किरकोळ व्यापार यांना बळ मिळाले. आगीत होरपळलेला किल्ला जीर्णोद्धारानंतर २०२२ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

प्रभाव : या गावापासून प्रेरणा घेऊन महाराष्ट्र शासनाने सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केले. हे-ऑन-वाय पुस्तकविक्रीवर उभे राहिले, तर भिलारमध्ये घरोघरी ठेवलेली पुस्तके वाचकांना विनामूल्य वाचता येतात.