कराची–मुंबई हवाई मार्ग : अंतर आणि प्रवासकाल

दोन नगरांमधील अंतर ही भूगोलाची बाब, तर प्रवासास लागणारा काल ही इतिहासाची बाब होय. कराची व मुंबई या दोन बंदरांच्या संबंधात हा भेद विशेष स्पष्टपणे प्रत्ययास येतो.

या दोन नगरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८८५ किलोमीटर आहे. १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडनहून निघणारी सेवा कराचीपर्यंत येऊन पोहोचली. परंतु तेथून मुंबईकडे टपाल नेण्यास विमान नव्हते. ही उणीव १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दूर झाली. त्या दिवशी सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीच्या एक-इंजिनी विमानातून सुमारे २५ किलो टपाल घेऊन कराची सोडली आणि दुपारी ते जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेत अहमदाबाद येथे इंधन घेणे प्राप्त होते; ते बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतून भरण्यात आले. या वळणामुळे मार्ग सुमारे १,०४० किलोमीटरांचा झाला. ताशी साधारणतः १६० किलोमीटर वेगाच्या त्या विमानास मुक्काम धरून सुमारे सात तास लागले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असल्याने त्या काळात उड्डाणे पुण्याहून करावी लागत. तात्पर्य, प्रारंभी प्रवासाची मर्यादा इंधन, यंत्र व ऋतू यांनी ठरविली, राज्यसत्तेने नव्हे. कारण १९३६ मध्ये सिंध वेगळा होईपर्यंत ही दोन्ही नगरे एकाच मुंबई इलाख्यात मोडत होती.

पुढे यंत्राची मर्यादा सरली. जेट विमानास हे अंतर सुमारे दीड तासाचे झाले. तथापि १९४७ च्या फाळणीनंतर आकाशासही सीमा आल्या. १९६५ च्या युद्धात हवाई संबंध तुटले; १९७१ मध्ये ते पुनश्च खंडित झाले, ते १९७६ मध्ये जुळले. २००२ च्या आरंभापासून २००४ च्या आरंभापर्यंत तेच घडले. एप्रिल २०२५ मध्ये उभय देशांनी परस्परांच्या विमानांस आपले आकाश बंद केले.

थेट सेवा नसता प्रवाशास बहुधा दुबईचा आश्रय घ्यावा लागतो. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते कराची सुमारे १,१९० किलोमीटर. म्हणजे एकूण मार्ग सरळ अंतराच्या साडेतीन पट. प्रत्यक्ष उड्डाणाचेच पाच तास होतात. त्यात दुबईतील प्रतीक्षा मिळविली की १९३२ चे सात तास सहज भरतात.

विमानाचा वेग पाच पटींनी वाढला असूनही प्रवासकाल होता तेथेच येऊन ठेपावा, ही गोष्ट उद्बोधक आहे. दळणवळणाचा इतिहास केवळ यंत्रांच्या प्रगतीचा आलेख म्हणून लिहिला, तर हे सात तास अनाकलनीयच राहतील. त्यांचा उलगडा नकाशावरील अंतरात होत नाही; तो त्या नकाशावर ओढल्या गेलेल्या रेषेत होतो.