नेल्सन डेव्हिसची विधवा

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सैनिकाची विधवा शोधायची, तर पलटणीच्या हजेरीपटापेक्षा तिच्या पेन्शनचे प्रकरण जास्त बोलके असते. जुलै १८६२च्या कायद्याने युद्धात कामी आलेल्या साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळू लागले. त्यासाठी लग्न आणि मुलांचे जन्म शाबीत करावे लागत. सरकारी दाखला नसला, तर घरच्या बायबलमध्ये ज्या पानावर या नोंदी केलेल्या असत, ते पानच कित्येकींनी अर्जाला जोडले.

गुलामांची लग्ने कायदा मानतच नव्हता. त्यामुळे १८६४मध्ये दुरुस्ती करावी लागली: भरतीपूर्वी किमान दोन वर्षे दोघे नवराबायको म्हणून नांदत होती, अशी भरवशाच्या साक्षीदारांची जबानी पुरे ठरली. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या या जबान्यांत अशा संसारांची हकीकत सापडते, जी दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नाही.

गुलामांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमनलाही या चौकशीतून जावे लागले. तिचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस १८८८मध्ये क्षयाने वारला. युद्धाशी संबंध नसलेल्या मृत्यूनंतरही गरजू विधवेला पेन्शन देणारा कायदा १८९०मध्ये झाला आणि तिने अर्ज केला. अडचण नावाची होती. पलटणीच्या कागदांत तो नेल्सन चार्ल्स होता. डेव्हिस हे आडनाव त्याने नंतर लावले. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे तिला शपथेवर सांगावे लागले. पहिला नवरा जॉन टबमन १८६७मध्ये, म्हणजे १८६९च्या लग्नाआधीच, मारला गेल्याचेही नोंदवावे लागले. १८९५मध्ये ८ डॉलर मंजूर झाले. युद्धात तिने स्वतः परिचारिका आणि हेर म्हणून केलेल्या कामाचा त्या रकमेत काडीचाही विचार नव्हता, आणि हा अन्यायच होता. १८९९मध्ये काँग्रेसने तिच्या शुश्रूषेची दखल घेऊन खास कायद्याने रक्कम २० डॉलर केली.

म्हणून अशा शोधात सैनिकाची सगळी नावे तपासावी लागतात, आणि विधवेचीही. पुनर्विवाह झाला की तिचे पेन्शन थांबे आणि सोळा वर्षांखालील मुलांच्या नावे पालक अर्ज करी. तिचे नवे आडनाव बहुधा त्याच कागदांत मिळते. दुसरा नवराही वारला, तर १९०१च्या कायद्याने काही जणींना पहिल्या नवऱ्याचे पेन्शन पुन्हा मागता येऊ लागले.