सकाळ, सोमवार आणि हिवाळा : हृदयविकाराच्या झटक्यांचे कालचक्र

हृदयविकाराचा झटका कोणत्याही क्षणी येऊ शकतो. तथापि, दिवसाच्या सर्व प्रहरांत आणि वर्षाच्या सर्व ऋतूंत त्याचे प्रमाण सारखे नसते, असे हजारो रुग्णांच्या नोंदींवरून स्पष्ट झाले आहे.

अमेरिकेतील डॉ. जेम्स म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याविषयीचे महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. झटका नेमका केव्हा सुरू झाला, हे त्यांनी रक्तातील विशिष्ट घटकाच्या पातळीवरूनही पडताळून पाहिले. सकाळी ९ च्या सुमारास झटक्यांचे प्रमाण सर्वाधिक, तर रात्री ११ च्या सुमारास सर्वांत कमी होते. या दोन वेळांतील फरक सुमारे तिपटीचा होता.

पहाटेपासून शरीर जागे होण्याची तयारी करू लागते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. उठल्यावर ॲड्रिनॅलिनचे प्रमाण, रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढतो. याच वेळी रक्तातील प्लेटलेट पेशी परस्परांना अधिक चिकटतात आणि गुठळी विरघळविण्याची शरीराची क्षमता मंदावलेली असते. हृदयधमनीत आधीच साचलेला मेदाचा थर अशा वेळी फाटला, तर त्यावर गुठळी तयार होऊन रक्तप्रवाह थांबू शकतो.

ऋतुमानाचा प्रभावही लक्षणीय आहे. अमेरिकेतील सुमारे २ लाख ६० हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारित, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हाळ्याच्या तुलनेत हिवाळ्यात ५३ टक्के अधिक झटके आढळले. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. श्वसनमार्गाचे संसर्गही याच काळात बळावतात. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत झटक्याचा धोका सुमारे सहापट असतो, असे कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात दिसून आले. उत्तर भारतात हिवाळ्यातील प्रदूषित हवेची त्यात भर पडते.

स्वीडनमधील १९९८ ते २०१३ या काळातील नोंदींनुसार सोमवारी सकाळी, तसेच नाताळच्या पूर्वसंध्येला झटके अधिक आढळले. त्या संध्याकाळी धोका ३७ टक्क्यांनी जास्त होता आणि सर्वाधिक झटके रात्री १० च्या सुमारास आले. मानसिक ताण हे त्यामागील संभाव्य कारण मानले जाते.

मात्र वेळ किंवा ऋतू हे केवळ निमित्त ठरतात; मूळ आजार धमनीत वर्षानुवर्षे वाढत असतो. त्यामुळे तंबाखू वर्ज्य करणे आणि रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल नियंत्रणात ठेवणे, हाच खरा प्रतिबंध होय. रक्तदाबाचे औषध सकाळी घ्यावे की रात्री, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. त्याच्या २०२२ मधील निष्कर्षांनुसार, वेळेमुळे झटक्यांच्या प्रमाणात फरक पडत नाही. औषध नियमित घेणे महत्त्वाचे आहे. हृदयरुग्णांनी कडाक्याच्या थंडीत पहाटे फिरायला जाण्याऐवजी ऊन पडल्यावर जावे आणि ऊबदार कपडे वापरावेत. फ्लूच्या लशीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सकाळी छातीत दडपण येणे, दरदरून घाम फुटणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, धाप लागणे या तक्रारी पित्ताच्या समजून अनेकदा अंगावर काढल्या जातात. हृदयाचे स्नायू वाचविण्यासाठी पहिला तास अत्यंत मोलाचा असतो. म्हणून अशी लक्षणे जाणवताच, वेळ कोणतीही असो, १०८ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ मदत मागवावी आणि रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये.