कपडे विसरलात की!

आमची नात सध्या नाट्यशास्त्र शिकते आहे. तिला पेरू देशातल्या एका नाटकमंडळीवर टिपण लिहायचं होतं. "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना, मग वाचून सांग" म्हणत तिने कच्चा खर्डा पाठवला. मी चुका काढायला बसले आणि दोन दिवस त्यातच गुंतून पडले. म्हणून हा लेख.

मंडळीचं नाव 'युयाचकानी'. केचुआ ही अँडीज पर्वतातल्या लोकांची भाषा. तिच्यात या एका शब्दाचे दोन अर्थ होतात: 'मी विचार करते आहे' आणि 'मी आठवते आहे'. १९७१ साली लिमा शहरातल्या काही तरुणांनी ही मंडळी काढली. त्यांचं सुरुवातीचं एक नाटक खाणकामगारांच्या संपावर होतं. ते कामगारांनाच दाखवायचं म्हणून मंडळी डोंगरात खाणीवर गेली. नटांच्या अंगावर साधे कपडे, आणि एकेकाकडे अनेक भूमिका. प्रयोग संपल्यावर एक कामगार म्हणाला, नाटक छान झालं, पण तुम्ही कपडे आणायला विसरलात की!

याला नाटक कळलंच नाही, असं नटांना आधी वाटलं. न कळणारे आपणच, हे त्यांना नंतर उमगलं. ज्या लोकांच्या सणात मुखवटा, रंगीत पोशाख, वाद्यं आणि नाच यांशिवाय गोष्टच सांगितली जात नाही, त्यांच्यापुढे ही मुलं रिकाम्या हातांनी उभी राहिली होती.

इथे माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. १७८० साली तुपाक अमारू दुसरा याने कुस्को भागात स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. १८ मे १७८१ रोजी त्याला कुस्कोच्या चौकात हालहाल करून मारलं. अरेचे नावाच्या अधिकाऱ्याने शिक्षा फर्मावली, पण तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. इंकांचा पोशाख घालायचा नाही, त्यांच्या आठवणीची नाटकं करायची नाहीत, शंख फुंकायचे नाहीत, असंही त्याने फर्मावलं. तलवारीइतकीच कपड्यांचीही भीती वाटत होती म्हणायची!

पण माणसं सोंग घ्यायची थांबली नाहीत. कुस्को प्रांतात पाउकारताम्बो नावाचं गाव आहे. तिथे दरवर्षी १६ जुलैच्या सुमाराला कार्मेन मातेचा उत्सव भरतो. देवी ख्रिस्ती, पण तिच्यापुढे नाचणारी सोंगं पाहिली की त्या प्रदेशाचा सगळा इतिहास रस्त्यावर उतरलेला दिसतो. पांढरे विणलेले मुखवटे घालून लामा घेऊन येणारे पठारावरचे व्यापारी म्हणजे 'कोल्या'. काळ्या मुखवट्यांचे नाचे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची आठवण जागवतात. पिवळ्या चेहऱ्याने थरथरत चालणारे म्हणजे खालच्या जंगलात मजुरीला जाऊन हिवताप घेऊन परतलेले मजूर. वकील-न्यायाधीशांचीही यथेच्छ टर उडवली जाते. आणि 'साक्रा' नावाची भुतं छपरांवर, सज्ज्यांवर चढून बसतात आणि देवीची पालखी आली की तोंड लपवतात. वर्गात फळ्यावर सनावळ्या लिहून मी जे वर्षभर शिकवत असे, ते ही माणसं चार दिवसांत नाचून दाखवतात.

युयाचकानीची मंडळी मग अशा उत्सवांकडे शिकायला म्हणून गेली. पुढे १९९० साली त्यांनी 'आदियोस आयाकूचो' हे नाटक केलं. त्यात मारल्या गेलेल्या एका शेतकऱ्याचं प्रेतही धड सापडत नाही, म्हणून नुसते कपडे मांडून दुखवटा चालू असतो. तिथे एक कोल्या त्या मेलेल्याचे बूट चोरायला येतो, आणि मृताचा आत्मा त्याच्याच तोंडून बोलू लागतो, आपली हरवलेली हाडं मागतो. उत्सवातलं थट्टेखोर सोंग मेलेल्याचा साक्षीदार होतं!

हे नुसतं नाटक नव्हतं. १९८० ते २००० या काळात 'शायनिंग पाथ'चे बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्यामध्ये पेरूची खेडी भरडली गेली. सत्यशोधन आयोगाच्या २००३ च्या अहवालात मृत आणि बेपत्ता माणसांचा अंदाज ६९,२८० दिला आहे. त्यांतल्या दर चारांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी स्थानिक भाषा होती. २००२ साली आयोगाच्या जाहीर सुनावण्या आयाकूचो भागात झाल्या, तेव्हा युयाचकानीने तिथे जाऊन प्रयोग केले. ज्यांची माणसं परत आलीच नव्हती, तेच समोर बसलेले. या वेळी मंडळी कपडे विसरली नव्हती.

आता माझं सांगते. फार वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या गॅदरिंगला एका मुलाला भारूड करायचं होतं. त्याचे वडील जत्रेत सोंगं घेत. वडिलांचा अंगरखा आणि टोपी तो पिशवीत घालून घेऊनच आला होता. मी म्हटलं, "अरे, हे जत्रेत ठीक आहे, शाळेत नको." आणि त्याला छापील एकांकिकेत शिपायाचं काम दिलं. त्याने ते निमूटपणे केलं. ती पिशवी मला आजही दिसते.

नातीला कळवलं, टिपण चांगलं आहे, फक्त त्या खाणकामगाराला सुरुवातीलाच आण. ती म्हणाली, "आजी, तो तळटीपेत होता!" असो.

मंडळी, तुमच्या गावच्या जत्रेत कोणकोणती सोंगं निघत, आठवतील ती जरूर लिहा. मला ती वहीत उतरवून ठेवायची आहेत.