खाऱ्या जमिनीत भात तग कसा धरतो?

लाखांदूरकडे, वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्या गोड्या पाण्यावर पिकतात. रायगडच्या खारेपाटात मात्र बांध फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले, की जमिनीत मीठ मुरते आणि भाताची कोवळी रोपे करपतात. भात मुळातच मिठाला नाजूक. तरीही त्याचे काही वाण अशा जमिनीत टिकतात. यामागे पेशींमधील वाहतूक व्यवस्थेचा मोठा वाटा आहे.

मीठ दोन प्रकारे घात करते. एक म्हणजे, मुळांना जमिनीतील पाणी शोषणे अवघड जाते. दुसरे म्हणजे, सोडियमचे आयन पेशीद्रवात साचून पोटॅशियमवर अवलंबून असणाऱ्या विकरांचे काम बिघडवतात.

त्यावर वनस्पतीपाशी तीन उपाय असतात. पेशीच्या बाह्य पटलातील 'एसओएस-१' हे प्रथिन सोडियम बाहेर टाकते. 'एनएचएक्स' प्रथिने उरलेला सोडियम रिक्तिकेत कोंडतात. रिक्तिका म्हणजे पेशीतील पाण्याची कोठी. पक्व पेशीचा बहुतांश भाग तिनेच व्यापलेला असतो. तेथे साठलेला सोडियम निरुपद्रवी तर ठरतोच, शिवाय पाणी आत खेचण्यासही उपयोगी पडतो. 'एचकेटी' गटातील काही प्रथिने मुळांकडून वर जाणाऱ्या रसातून सोडियम काढून घेतात, म्हणून पाने वाचतात. ही प्रथिने पेशीच्या आत तयार होतात आणि सूक्ष्म पुटिकांमधून आपापल्या पटलापर्यंत पोहोचवली जातात.

सोडियम बाहेर टाकणे आणि रिक्तिकेत कोंडणे ही दोन्ही कामे प्रोटॉन पंपांच्या बळावर चालतात व त्यासाठी ऊर्जा खर्च होते. जगण्यावर अशी ऊर्जा खर्ची पडल्यामुळे खाऱ्या जमिनीत रोप वाचले, तरी उतारा घटतो.

१९९९ मध्ये एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटाने रिक्तिकेतील या प्रथिनाचे प्रमाण वाढवून ॲराबिडॉप्सिस ही वनस्पती मीठसह केली. २००१ मध्ये टोमॅटोवर तोच प्रयोग झाला; मीठ पानांत साठले, फळांत फारसे उतरले नाही. परंतु मीठ सोसण्याचा गुण एका जनुकाचा नसतो. त्यामुळे भातात केरळच्या 'पोक्काली'सारख्या पारंपरिक वाणांचे मोल टिकून आहे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल-१', 'पनवेल-२' व 'पनवेल-३' हे वाण दिले. खारेपाटातील शेतकऱ्याला शेत पडीक ठेवावे लागू नये, यासाठी अशा वाणांचा आधार मोलाचा आहे.