टिळकांची नगरची भाषणं आणि २०,००० रुपयांचा जातमुचलका

टिळकांचं स्वराज्याचं ते प्रसिद्ध वाक्य शाळेच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी वाचलंय. ते नेमकं कुठं उच्चारलं, यावर नगर, बेळगाव, लखनौ असे वेगवेगळे दावे ऐकायला मिळतात. तो वाद राहू द्या. त्या एका वाक्याच्या मागेपुढे टिळक काय बोलत होते, ते जास्त महत्त्वाचं आहे.

१९१६ साल. मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून टिळक १९१४ च्या जूनमध्ये सुटले होते. ती शिक्षा झाली होती 'केसरी'तल्या मराठी लेखांवरून. १९०८ च्या त्या खटल्यात नऊ ज्युरर होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख त्यांच्यापुढे गेले ते इंग्रजी भाषांतरातून. टिळक दिवसचे दिवस उभे राहून सांगत होते की या मराठी शब्दाचा अर्थ असा नाही हो! उपयोग झाला नाही.

म्हणजे एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन करून माणूस पुन्हा सभांना उभा राहिला, तेव्हा आपला शब्द कुठं जाऊ शकतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. समोर शेतकरी, व्यापारी, वकील, आणि कोपऱ्यात सरकारचे लघुलेखक. दोघांशी एकाच वेळी बोलायचं होतं.

टिळक काही शिवरामपंत परांजप्यांसारखे वक्रोक्तीचे बादशहा नव्हते. त्यांचं बोलणं सरळ, थोडं वकिली. पण दाखले कसे, तर घरातले. बेळगावला १ मे रोजी त्यांनी राज्यकारभार समजावला तो वेदान्तातून. ब्रह्म निर्गुण, निराकार. मायेमुळे त्याला दिसणारं रूप येतं. तसं एक अदृश्य सरकार असतं, ते टिकणारं, आणि एक डोळ्यांना दिसणारं, अधिकाऱ्यांचं, ते बदलणारं. आम्हाला बदल हवाय तो या दुसऱ्यात. कीर्तन-प्रवचन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला हे वेगळं समजवावं लागत नव्हतं. आणि कायद्याच्या दृष्टीनं बघा, बादशहाविरुद्ध एक अक्षर नाही.

३१ मे आणि १ जूनला ते आपल्या नगरमध्ये बोलले. तिथं त्यांनी 'परका' हा शब्द घेतला. परका कोण? कातडीच्या रंगावरून नाही, धर्मावरूनही नाही. ज्याचं हित या देशाच्या हितापासून वेगळं, तो परका. इथल्या लोकांचं भलं करणारा मुसलमान असो की इंग्रज, तो परका नव्हे. माझ्या मते त्या दोन दिवसांतलं सगळ्यात मोलाचं बोलणं हेच. आज 'परका' शब्द ज्या सैलपणे फेकला जातो, तो ऐकताना नगरची ही सभा हटकून आठवते.

सरकारनं या तीन भाषणांवर बोट ठेवलं. २३ जुलैला पुण्यात टिळकांची साठी आणि लाखाची थैली, त्याच दिवशी हातात नोटीस. वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी स्वतःचा २०,००० रुपयांचा मुचलका आणि १०,००० रुपयांचे दोन जामीन. जिल्हा मॅजिस्ट्रेटनं तसा हुकूमही दिला.

टिळक हायकोर्टात गेले. वकील होते बॅरिस्टर जीना, सोबत जोसेफ बॅप्टिस्टा. हो, तेच जीना. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांच्यापुढे सुनावणी झाली. कोर्टानं सुटं वाक्य उचललं नाही. भाषण अख्खं वाचायचं आणि समोर बसून ते ऐकणाऱ्यांवर एकंदर परिणाम काय होईल ते पाहायचं, ही कसोटी लावली. १९०८ ला टिळक घसा कोरडा करून हेच तर मागत होते! (आता वीस सेकंदांच्या क्लिपवर आपण माणसाचा निकाल लावतो, ते वेगळं.)

९ नोव्हेंबर १९१६ रोजी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला. स्वराज्य मागणं हा राजद्रोह नाही, असा त्याचा अर्थ गावोगाव घेतला गेला. पुढच्याच महिन्यात टिळक लखनौ काँग्रेसला निघाले, आणि तिथं मुस्लिम लीगच्या अध्यक्षपदी होते त्यांचेच वकील जीना.